मान डावीकडे, मग घास

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, उचकी लागली तेव्हा आम्ही सगळे हसत होतो. उचकी लागली म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय, यावर आमच्या घरात कुणाचा विश्वास नव्हता. सकाळी बुद्धवंदना म्हणायची आणि असल्या गोष्टींना थारा द्यायचा नाही, असा दादांचा दंडक होता. पण विश्वास नसला तरी नावं घ्यायचा खेळ मात्र चालायचा. रविवारची दुपार होती. बोंबलाची चटणी आणि बाजरीची भाकरी असा दादांच्या आवडीचा बेत झाला होता, आणि हात धुऊन ते दारातल्या खाटेवर टेकले तोच उचकी सुरू झाली. आई म्हणाली, सिन्नरकडच्या वन्सं आठवण काढत असतील. मी म्हणाले, दादांचे दोस्त कादरभाई आठवण काढत असतील, त्यांची ड्यूटी असेल आणि दादांची सुट्टी. मग फोरमनचं नाव झालं, दादांच्या शाळेतल्या मास्तरांचं झालं, आईनं तर तिच्या माहेरच्या म्हशीचंही नाव घेतलं. उचकी काही थांबेना. दादा हसत हसत पाणी प्यायला उठले. माठातलं पाणी त्यांनी तोंडात घेतलं आणि ते तसंच्या तसं नाकातून बाहेर आलं. ते डावीकडे कलले, ट्रंकेला धरून खाली बसले आणि म्हणाले, "घर फिरतंय." आवाज त्यांचा नव्हता. घोगरा, हवा निसटत असलेला, कुणा परक्या माणसाचा आवाज होता तो. त्यानंतर आम्ही कुणाचं नाव घेतलं नाही.

आम्ही तेव्हा एकलहऱ्याला राहत होतो, वीज केंद्राच्या कामगार वसाहतीत. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे चार हात ओटा. कोळशाच्या वाघिणी खडखडत आत जायच्या, भोंगा व्हायचा आणि वारा आमच्या बाजूला असला की दोरीवरच्या कपड्यांवर बारीक राख बसायची. आई दिवसातून तीनदा ओटा पुसायची आणि प्रत्येक वेळी त्या चिमणीला शिव्या घालायची. दादा बॉयलरवर ऑपरेटर होते. बॉयलर म्हणजे त्यांच्या लेखी घरातला मोठा मुलगा. त्याच्या तब्येतीची त्यांना आमच्यापेक्षा जास्त काळजी. घरातल्या नळाचा वॉशर बदलायचा तरी ते आधी मुख्य कॉक बंद करायचे, स्वतः जाऊन बघून यायचे आणि मग पान्याला हात लावायचे. आम्ही कंटाळून जायचो. मी त्यांच्यावर गेले आहे असं सगळे म्हणतात. मला ते कधी कौतुक वाटलं, कधी टोमणा.

पुण्याला मेडिकलच्या पहिल्या वर्षात मी होते आणि सुट्टीला घरी आले होते. आमच्या वस्तीतून डॉक्टरकीला गेलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे ओट्यावर येणारं प्रत्येक माणूस मला जीभ नाहीतर गुडघा दाखवून जायचं. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. पहिल्या वर्षाला जिवंत माणूस शिकवत नाहीत. पण हे सांगितलं असतं तर आईचं नाक कापलं गेलं असतं, म्हणून मी गंभीर चेहरा करून "कोमट पाण्यानं शेका" म्हणायचे.

नाशिकरोडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दादांना बराच वेळ तपासलं. हातापायांत ताकद होती. उभं केलं की मात्र ते डावीकडे झुकायचे. डावी पापणी उतरली होती, डावा गाल बधिर होता आणि गंमत म्हणजे उजव्या हाताला गरम-गार कळेनासं झालं होतं. ज्या माणसानं सारा जन्म वाफेच्या पायपांजवळ काढला, त्याच्या उजव्या हातावर गरम पाण्याची बाटली ठेवली तर तो म्हणाला, "काहीतरी ठेवलंय." मग डॉक्टरांनी त्यांना तोंड उघडायला लावलं, बॅटरी धरली आणि मला बोलावलं. "तू शिकतेस ना? बघ. आ करा." दादांनी आ केलं. घशाच्या मागची उजवी कमान वर उचलली गेली आणि डावी तशीच लोंबत राहिली. पडजीभ उजवीकडे ओढली गेली. डॉक्टर म्हणाले, "काय म्हणशील?"

घशाचे स्नायू मला पाढ्यासारखे पाठ होते. घसा आवळणारे तीन, वरचा, मधला आणि खालचा, एकात एक बसवलेल्या पेल्यांसारखे. घसा वर उचलणारे तीन. या सगळ्यांना दहावी नस, फक्त एका उचलणाऱ्याला नववी. तोंडी परीक्षेत मी हे एका दमात म्हणून दाखवलं होतं आणि परीक्षकांनी मान डोलावली होती. प्रेतावर चिमट्यानं मी ते स्नायू सुटे केले होते. फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरत होते, आणि हे पातळ, मातकट रंगाचे पदर कुठल्या कामाचे, असं माझ्या मनात आलं होतं. आता ते पदर माझ्या वडिलांच्या तोंडात होते आणि त्यांतले अर्धे हलत नव्हते. मी म्हणाले, "दहावी नस. डावी." डॉक्टर म्हणाले, "नस नाही, ती जिथून निघते ती जागा. मेंदूच्या देठातली बारीक रक्तवाहिनी बंद झालीय. जीव जाणार नाही. पण गिळणं गेलंय. परत येईल किंवा नाही येणार." त्यांनी दादांच्या नाकातून पोटापर्यंत रबरी नळी घातली, जेवण त्यातूनच द्यायचं आणि तोंडानं थेंबही द्यायचा नाही असं बजावलं, आणि काही दिवसांनी आम्हाला घरी पाठवलं.

माणूस गिळतो कसा हे मला त्या नळीनं शिकवलं. आपण दिवसभर नकळत थुंकी गिळत असतो. दादांना तेही जमत नव्हतं. मांडीवर टॉवेल घेऊन ते बसायचे आणि तोंड पुसत राहायचे. घास जिभेनं मागे ढकलला की टाळू वर उठून नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर चढून जिभेखाली जातं आणि मिटतं, श्वास थांबतो, आवळणारे स्नायू वरून खाली घास दाबत नेतात आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. एवढं सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. श्वासाची वाट आणि अन्नाची वाट घशात एकमेकींना छेदून जातात, म्हणून एवढा बंदोबस्त. दादांना मी हे कागदावर काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते नीट पाहिलं.

"म्हणजे एकाच हेडरवर, एकाच मोठ्या पायपावर, हवेची लाईन आणि पाण्याची लाईन?" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "ज्यानं कुणी हे डिझाईन केलं त्याला मेमो द्यायला पाहिजे."

"दादा, जास्त बोलू नका."

"मोटार जळालीय का केबल?"

"मोटार चांगली आहे. केबलपण चांगली. कंट्रोल रूममधनं हुकूमच येत नाहीये. डाव्या बाजूला."

"आणि उजवी?"

"उजवी चालू आहे."

त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "मग रडताय कशाला? एक फीडर गेला तर दुसऱ्यावर लोड घेतात."

मला त्यांचं हसू आलं, आणि रागही आला, कारण घसा म्हणजे काही बॉयलर नव्हे असं मला सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात गयाआत्या आली. दादांची थोरली बहीण, सिन्नरच्या पुढच्या खेड्यात राहणारी. भावाला तिनं कडेवर वाढवलेलं. एसटीतून उतरून डोक्यावर बोचकं घेऊन ती थेट खाटेपाशी गेली, नाकातली नळी बघितली आणि तिनं जो गळा काढला, तो अख्ख्या चाळीनं ऐकला. आजारी माणसाला भेटायला आलेल्यानं त्याच्या तोंडात आपल्या हातानं दोन चमचे पाणी घालायचं, ही आमच्याकडची रीत. पाणी पाजल्याशिवाय भेट पुरी होत नाही. आलेल्या प्रत्येकाला मी नाही म्हणून सांगत होते आणि प्रत्येक जण माझ्याकडे, बापाला तहानलेलं ठेवणारी पोरगी, अशा नजरेनं बघत होतं. आत्यालाही मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं बाई, तू शिकल्याली." मी गिरणीत गेले होते, आई मोरीत होती. तेवढ्यात आत्यानं भावाचं डोकं मांडीवर घेतलं, मागे कलतं केलं आणि चमच्यानं पाणी पाजलं.

मला सगळ्यात भयंकर काय वाटलं सांगते. दादा ठसकलेसुद्धा नाहीत. ठसका लागायला स्वरयंत्राला कळावं लागतं की वाट चुकली. त्यांच्या डाव्या बाजूला ते कळतच नव्हतं. पाणी निमूट छातीत गेलं. आत्या खूश होती. मी परत आले तेव्हा म्हणाली, "बघ, कसा घटाघटा प्याला. उगाच उपाशी मारलं माज्या भावाला." संध्याकाळी दादांना हुडहुडी भरली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दवाखान्यात होते, छातीत घरघर, अंगात ताप आणि दंडात सुया. आत्या दवाखान्याच्या पायरीवर पदराचा बोळा तोंडात कोंबून बसली होती. मी तिच्याशी बोलले नाही. आईच तिच्याशेजारी जाऊन बसली.

न्यूमोनियातून दादा वाचले. पण डॉक्टरांचा सूर बदलला होता. नाकातली नळी फार काळ ठेवता येत नाही, ते म्हणाले. गिळणं आलं नाही तर पोटाला भोक पाडून तिथून नळी घालावी लागेल. तोंडानं मग कायमचं काही नाही. महिन्याभरानं बघू. दादा ऐकत होते. डॉक्टर गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "पोटातून जेवणारा माणूस पंगतीला बसत नाही," ते म्हणाले. "मी पंगतीला बसणार. काय करायचं ते सांग, मी करतो. पण ते भोक नाही." मी हो म्हणाले. माझं कॉलेजही महिन्याभरातच उघडत होतं. एवढ्या अवधीत एका माणसाचा अर्धा घसा चालू करायचा, आणि तो कसा हे पुस्तकात कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण हो म्हटल्यावर झोपेतसुद्धा मी तेच बघत होते: तीन पेले, एकात एक, अर्धे ढिले.

पाण्याचा बंदोबस्त कादरभाईंनी केला. दादांच्या शिफ्टमधले, मूळचे मालेगावचे. यंत्रमाग सोडून बॉयलरवर आलेले. केंद्रात एक रीत आहे. एखाद्या लाईनवर काम चालू असलं की तिच्या व्हॉल्व्हला लाल पाटी अडकवतात. पाटीवर काम करणाऱ्याचं नाव असतं, आणि ज्याचं नाव तोच ती काढणार. फोरमन असो नाहीतर मोठे साहेब, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, कारण पाईपात माणूस असतो. कादरभाईंनी डब्याच्या पत्र्याची तशीच पाटी केली, लाल रंग दिला आणि वर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं: माणूस कामावर आहे. पाणी सोडू नये. खाली नावाला जागा ठेवली होती.

"भाभी, आता कोण पाजतो ते बघू," ते आईला म्हणाले आणि दादांकडे वळले. "नामदेवभाई, नाव किसका डालू? तुझं?"

दादांनी माझ्याकडे बोट केलं. "काम तिचं आहे."

पाटी खाटेच्या उशाला लागली. 'संघमित्रा' असं माझं अख्खं नाव त्यावर होतं, जे घरात कुणी कधी घेत नसे. येणारे-जाणारे ती वाचायचे आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवायचे. जे सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं ते काम पत्र्याच्या तुकड्यानं केलं, कारण वस्तीतल्या प्रत्येकाला ती पाटी कशासाठी असते ते ठाऊक होतं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी आत्या होती. ती गावी परत गेलीच नाही. दारात बसायची आणि कुणी चहाचा कप घेऊन आत सरकलं की गरजायची, "पाटी हाय! दिसत नाय का? मी एकदा केलं, आता कुनाला करू देनार नाय." मी हळूहळू तिच्याशी बोलू लागले होते. इतक्या कडक पहारेकऱ्यावर रुसून राहणं परवडण्यासारखं नव्हतं.

घट्ट पदार्थ घसरत नाही, म्हणून त्याला वाट चुकायला वेळ लागतो, एवढं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. सगळं पातळ बंद. घट्ट मात्र नखाएवढं, हनुवटी छातीला लावून, करून बघ म्हणाले. आईनं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ शिजवून चमचा उलटा केला तरी पडणार नाही असं केलं. दादा हनुवटी खाली घालायचे, घास मागे न्यायचे, डोळे मिटायचे, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, आणि थोड्या वेळानं नागली टॉवेलवर यायची. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. ते चिडायचे नाहीत, पण जेवणवेळेला शेजाऱ्यांकडून फोडणीचा वास आला की भिंतीकडे तोंड करायचे. माझा धीर सुटत चालला होता. तसं दाखवायचं नाही म्हणून मी उगाच मोठ्यानं बोलायचे.

एका सकाळी मी असाच चमचा त्यांच्या तोंडात दिला होता. आई खाटेच्या डाव्या बाजूला, खाली, मेथी निवडत बसली होती. ती म्हणाली, "युनियनचं इलेक्शन झालं म्हणे. तुमच्याविना काही अडलं नाही. तुमच्या जागेवर तो गायधनी आला."

गायधनी म्हणजे दादांच्या डोक्यात जाणारा माणूस. दादांनी ताडकन मान डावीकडे वळवली. "गायधनी?" ते म्हणाले. "त्याला व्हॉल्व्ह कुठल्या बाजूनं फिरवायचा ते कळत नाही!"

आणि तेवढ्यात आम्हा तिघांच्याही लक्षात आलं. तोंड रिकामं होतं. मी बोट घालून पाहिलं. गालात नाही, जिभेखाली नाही, टॉवेलवर नाही. नागली गेली होती. आवाज घोगरा होता, पण त्यात पाण्याची गुळगुळ नव्हती.

"पुन्हा," मी म्हणाले. समोर बघून दिला, परत आला. डावीकडे वळायला लावून दिला, गेला. समोर, परत आला. डावीकडे, गेला. आई हातातली मेथीची काडी तशीच धरून बघत होती. मग मला एकदम शवविच्छेदनाच्या टेबलावरचा तो घसा दिसला, मागून उघडलेला. डावी बाजू ढिली आहे, झोळीसारखी. घास तिकडेच घरंगळतो आणि पडून राहतो, कारण तिथे ढकलणारं कुणी नाही. मान डावीकडे पिळली की ती झोळी मिटते. मग घासाला एकच वाट उरते, उजवी, जिथे स्नायू जागे आहेत. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. शेजारची बाई धावत आली होती एवढं आठवतं. दादा म्हणाले, "म्हणजे डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद करून उजव्यानं चालवायचं. मी पहिल्या दिवशी काय सांगत होतो?"

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतः एक घास देऊन पाहिला, दादांच्या गळ्यावर बोटं ठेवून. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "हे मला सुचलं नसतं." मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "मला तरी कुठं सुचलं? मला तर त्यांना फक्त उठवून बसवायचं होतं. चार दिवस झाले, भांडले नव्हते." डॉक्टर इतके हसले की नर्स आत डोकावली. त्यांनी मला सगळा क्रम लिहून घ्यायला लावला नाही, नुसता मोठ्यानं म्हणवून घेतला: मान डावीकडे, हनुवटी खाली, घास, श्वास धरा, गिळा, पुन्हा गिळा, मग आवाज काढा. आवाज स्वच्छ आला तरच पुढचा घास. लोकांना वाटतं मी पुढे घशाची डॉक्टर झाले असेन. नाही. मी लहान मुलांची डॉक्टर झाले, आणि आजही एखादं बाळ दूध ओढताना दिसलं की माझं लक्ष आधी त्याच्या गळ्याकडे जातं.

आवाज काढायला मी 'आ' म्हणा असं सांगितलं होतं. दादांना ते लहान पोरासारखं वाटलं. ते प्रत्येक घासानंतर "जय भीम" म्हणू लागले. आणि जय भीम म्हटल्यावर समोरच्यानं गप्प कसं बसायचं? आई म्हणायची, जय भीम. दारातून आत्या म्हणायची. ओट्यावर कुणी बसलं असेल तर तोही. एक वाटी नागली संपायला इतका वेळ लागायचा की आईची दुसरी भाजी शिजून व्हायची. नागलीवरून आम्ही घोटलेल्या वरणभातावर आलो, मग घट्ट पिठल्यावर, मग दुधात कुस्करून लगदा केलेल्या भाकरीवर. काही दिवस वाईट गेले. एकदा घास अडकला आणि दादांचा चेहरा निळा झाला, मी त्यांना पालथं घालून पाठीत धपाटे घातले. त्या दिवशी मला वाटलं, पुरे, पोटाची नळी घालू द्या, माणूस तर राहील. दादांना ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. त्यांनी वाटी स्वतः ओढून घेतली आणि मान डावीकडे वळवली. महिना झाला तेव्हा डॉक्टरांनी नाकातली नळी काढली. पोटाच्या भोकाचं नावही त्यांनी घेतलं नाही.

राहिलं होतं पाणी. पाणी सगळ्यांत अवघड, कारण ते थांबत नाही. डोळ्याची पापणी लवायच्या आत जी कामं व्हायची ती जरा उशिरा झाली की ते सरळ श्वासात शिरतं. डॉक्टरांनी टाळूची उजवी-डावी बाजू पुन्हा पाहिली. डावी थोडी उचलली जात होती. ठसकाही आता नीट लागत होता. "आता द्या," ते म्हणाले. माझी पुण्याची गाडी दुसऱ्या दिवशीची होती.

घरी सगळे जमले. कादरभाई ड्यूटीवरून राखेनं भरलेले तसेच आले होते. मी चमचा आणि वाटी घेतली. दादांनी मान हलवली. आधी त्यांनी उशाकडे बोट दाखवलं. पाटी असताना पाणी सोडायचं नाही. मी ती काढली, माझ्या हातानं, आणि मगच चमचा पुढे केला. त्यांनी तो हळूच बाजूला सारला.

"चमच्यानं नाही. ग्लास दे."

"दादा, पहिल्यांदा थोडंच घ्यायचंय. माझ्या हातात असलेलं बरं."

"माझ्या हातात दे."

मी वाद घालणार तेवढ्यात आत्या दारातून म्हणाली, "नाय घ्यायचा तो, पोरी. नको हट करू." ती उठून आत आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दार सोडून. "आमच्या गावात हिरीवर आमाला हात लावू देत नव्हते. लांब उभं ऱ्हायचं, वंजळ धरायची, कुनीतरी वरून वतायचं. हा येवढा व्हता. एकदा एका पोरानं मुद्दाम लय वरून, लय जोरात वतलं. नाकातोंडात गेलं याच्या, जीव घाबरा झाला आन् ते सगळे हसत व्हते. तवापासनं हा नदीवर जायचा, येवढ्या उन्हात. कुनी वतलेलं पानी प्याला नाय तो. कदीच." तिच्या ध्यानात जे आलं ते माझ्याही त्याच क्षणी आलं. "माज्या हातानं प्याला त्या दिशी," ती म्हणाली. "माज्या हातानं तोंड उघडलं त्यानं. आन् मीच..."

"अक्का," दादा म्हणाले, "तू होतीस म्हणून उघडलं. दुसऱ्या कुणाला उघडलं नसतं."

मी ग्लास भरला. त्यांनी तो डाव्या हातात घेतला, कारण गारवा त्याच हाताला कळत होता, आणि थोडा वेळ नुसताच धरून ठेवला. मग मान डावीकडे वळवली, हनुवटी खाली घेतली, ओठ ग्लासला लावले. एक घोट. गिळलं, पुन्हा गिळलं. कादरभाईंनी टोपी हातात घेतली होती. मी दादांच्या गळ्यावर बोटं ठेवली होती. बोटांखाली ते स्वरयंत्र वर चढलं, टिकलं, खाली उतरलं.

आता आवाज यायचा होता.

"गोड आहे," दादा म्हणाले. स्वच्छ आवाजात.

त्यांनी आणखी एक घोट घेतला, आणखी एक. मग ग्लास तसाच आत्यापुढे धरला. "तू पण पी. तोंड लावून."

आत्यानं दोन्ही हातांनी ग्लास घेतला, ओठांना लावला आणि प्यायली. मी तिच्या गळ्याकडे बघत होते. सुरकुतलेल्या कातड्याखाली कंठ वर गेला, खाली आला. मला हुंदका आवरला नाही, आणि कुणी मला गप्प राहा म्हटलं नाही.